उजव्या सिलिंडरमधली हवा कुणाची?

मुंबईत डाइव्हिंग करणाऱ्यांपाशी साइडमाउंटचा विषय काढला की बहुतेक जण म्हणतात, पाठीला बरं पडतं. सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही काखांखाली अडकवायचे, व्हॉल्व्ह नजरेसमोर राहतात, अरुंद जागेतून अंग निघतं. सगळं खरं आहे. पण पाण्याने भरलेल्या गुहेत डोक्यावर दगड असतो, सरळ वर येता येत नाही. तिथे ही मांडणी मी एकाच प्रश्नावर तपासते: जोडीदाराची हवा संपली तर त्याला मी काय देणार आणि ती त्याला बाहेरपर्यंत पुरणार का?

माझा जोडीदार म्हणजे माझा मावसभाऊ. आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्यात पुढे केलेला हात दिसत नाही, त्यामुळे मुंबईत सराव पोहण्याच्या तलावात आणि दादाच्या इमारतीच्या गच्चीवर. खऱ्या गुहा मेक्सिकोत, तुलूमजवळच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये.

पाठीवरच्या जोड-सिलिंडरमध्ये मधे नळी असते, म्हणून कुठल्याही रेग्युलेटरला, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या भागाला, दोन्हीकडची हवा मिळते. साइडमाउंटमध्ये दोन्ही सिलिंडर पूर्ण वेगळे. प्रत्येकाला स्वतःचा रेग्युलेटर, स्वतःचा गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा. आमच्याकडे डावीकडच्या रेग्युलेटरला आखूड होज, म्हणजे हवेची नळी, तो मानेतल्या बंजीत, म्हणजे ताणणाऱ्या दोरीत, हनुवटीखाली लटकतो. उजवीकडचा होज दोन मीटरचा, घडी करून सिलिंडरवरच्या रबरात खोचलेला. लांबी एवढी का? कारण अरुंद वाटेत दोघं शेजारी-शेजारी पोहू शकत नाहीत. ज्याची हवा संपली तो पुढे, देणारा मागे, आणि होज दोघांच्या मधे.

देताना दोन शक्यता असतात. मी लांब होजवर श्वास घेत असेन तर तोंडातला रेग्युलेटर काढून द्यायचा आणि गळ्यातला आपल्या तोंडात घ्यायचा. आखूड होजवर असेन तर लांबवाला छातीवरच्या उजव्या डी-रिंगला, म्हणजे पट्ट्यावरच्या कडीला, बोल्ट स्नॅप नावाच्या हुकाने अडकवलेला असतो, आणि घाबरलेला माणूस तो हूक उघडत बसत नाही, सरळ ओढतो. म्हणून स्नॅप आणि होज यांच्यामधे आम्ही पातळ ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, ठेवतो, जोराने हिसका दिला की तुटेल अशी. नागदेवी स्ट्रीटवरून वेगवेगळ्या जाडीच्या आणल्या आणि गच्चीवर एकेक ओढून पाहिल्या. जाड रिंग तुटतच नाही, फार बारीक असेल तर होज रबरात खोचतानाच जाते. हा भाग विकत घेतला तसा कधीही वापरू नये, आपल्या हाताने तोडून पाहावा.

आता आकडे. आमचे 11.1 लिटरचे अॅल्युमिनियमचे सिलिंडर. समजा दोन्ही 200 बारला (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरलेत. वरचे 20 बाजूला ठेवले, उरलेल्या 180 चा तिसरा हिस्सा 60, तेवढाच आत जाताना वापरायचा. म्हणजे दोन्ही गेज 140 वर आले की वळायचं. आत जाताना दोन्ही मिळून 120 बार गेले, तर परतायलाही एका माणसाला साधारण तेवढेच लागणार. नेमक्या वळायच्या जागी दादाची सगळी हवा गेली, तर तो माझ्या उजव्या सिलिंडरवर बाहेर येणार, मी डाव्यावर. दोघांकडे प्रत्येकी 140, गरज प्रत्येकी 120. जमतं.

पण दोन्ही सिलिंडर सारखे रिकामे व्हावेत म्हणून वाटेत अधूनमधून रेग्युलेटर बदलायचा असतो; मी आळस करून तो बदललाच नाही आणि उजवा 110, डावा 170 झाला तर? मी हे कागदावर मांडलं तेव्हा दादाने विचारलं, "अगं, पण बेरीज तेवढीच राहते ना?"

"बेरीज तेवढीच रे दादा, पण तुझ्या तोंडात एकच सिलिंडर येणार."

त्याला 120 हवेत आणि मिळणार 110. शिवाय सिलिंडर शून्यापर्यंत ओढता येत नाही. कमी पडणारे दहा बार म्हणजे 111 लिटर. घाबरलेला माणूस मिनिटाला सहज 30 लिटर हवा घेतो, दहा मीटर खोलीवर त्याच्या दुप्पट. दोन मिनिटांचीही हवा नाही ती. वाटेत तोंडातले रेग्युलेटर आपसात बदलावेत तर माझा होज आखूड, चेहऱ्याला चेहरा लावावा लागेल, तोही गाळ उठलेला असताना. काही जण म्हणतात, अख्खा सिलिंडरच काढून द्यावा. मोकळ्या दालनात ठीक आहे, पण अरुंद फटीत, गाइडलाइन, म्हणजे बाहेरची वाट दाखवणारी दोरी, एका हातात धरून, मला तो पहिला उपाय म्हणून पटत नाही.

सिलिंडर समान रिकामे करायचे ते तोल सांभाळायला, असं बरेचदा शिकवतात. अॅल्युमिनियमचा सिलिंडर हलका झाला की त्याचा बूड वर तरंगतो, हेही खरंच. पण तिरपं पोहून माणूस मरत नाही. मला त्यामागचं खरं कारण वरची वजाबाकी वाटते.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं आहे: सुरुवात नेहमी डाव्यावर, आणि दर 20 बारला बदल. म्हणजे उजवा गेज कधीच डाव्यापेक्षा खाली नसतो. याने डावीकडे, म्हणजे देणाऱ्याच्या वाट्याला, थोडी कमी हवा येते, पण देणारा तुलनेने शांत असतो, त्याचा श्वास कमी लागतो. वर केलेला हिशेब मात्र शांत श्वासाचाच आहे, म्हणून आम्ही 140 ची वाट न पाहता 150 लाच वळतो. वळण्याआधी एकमेकांच्या गेजवर दिवा मारून आकडे वाचतो, आधी उजवा, मग डावा.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत सुतळी बांधलेली आहे. येत्या रविवारी डोळे बांधून दादा पुढे, मी मागे, आणि या वेळी ओ-रिंग नवी.