ढोलकी कुठं गेली? आमची वाटचाल

वडिलांचा धंदा साउंड सर्व्हिसचा. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानातून लग्नाला, भजनाला, गणपतीला भोंगे आणि बॉक्स भाड्याने जायचे. वायरी गुंडाळतच मी मोठा झालो. पुढे दुकानाच्या माडीवरची खोली गाद्या-गोधड्या लावून रेकॉर्डिंगसाठी तयार केली. माइक कॉम्प्युटरला जोडणारा आठ चॅनेलचा इंटरफेस, आठ माइक, एक कॉम्प्युटर. इथल्या भजनी मंडळांना, भीमगीतांच्या पार्ट्यांना आपल्याच गावात चांगलं रेकॉर्डिंग करून मिळावं, ही मनापासूनची इच्छा होती.

पहिलं मोठं काम खंजिरी भजनाच्या एका मंडळाचं. माणसं दहा. आठ माइक आहेत तर आठही लावायचे, असं तेव्हा वाटायचं. एकट्या ढोलकीला दोन लावले, एक धुमेच्या म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला, एक शाईच्या म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूला. मिक्स करताना एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे टाकला. हेडफोनवर ढोलकी अशी भरून यायची की मंडळी खूश होऊन गेली.

चार दिवसांनी त्यांच्या गणपतीच्या मांडवात तेच भजन लागलं आणि मला फोन आला, "भाऊ, ढोलकी काहून नाही वाजून राहिली?" मी धावत गेलो. खरंच, धूम गायब होती. शाईची नुसती टकटक ऐकू येत होती. गायकाचा आवाजही पाइपातून आल्यासारखा पोकळ.

कोडं वडिलांनी सोडवलं. मांडवातले दोन्ही बॉक्स एकाच लाइनवर होते, म्हणजे डावं-उजवं एकत्र होऊन मोनो वाजत होतं. त्यांनी मला माडीवर तसंच मोनो लावायला सांगितलं आणि म्हणाले, "आता ढोलकीचा एक माइक बंद कर." बंद केला, तर धूम परत आली! माइक कमी केल्यावर आवाज वाढला. ते म्हणाले, "दोन बॉक्सपैकी एकाची वायर उलटी लागली की बेस जातो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. इथं वायर नाही, ढोलकीच उलटी आहे."

अगदी तसंच होतं. धुमेवर थाप पडली की ते कातडं आत जातं, आणि आतली हवा शाईचं कातडं बाहेर ढकलते. एका माइकला हवेची ओढ मिळते, दुसऱ्याला त्याच क्षणी दाब. दोन कानांत वेगवेगळं ऐकलं तर कळत नाही. एकत्र केलं की खालचे सूर एकमेकांना खातात. त्या रात्री बटण दाबून एका माइकची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे त्याच्या ओढीचा दाब आणि दाबाची ओढ केली, आणि नवी फाइल दिली. ढोलकी आली.

पोकळ आवाज मात्र तसाच राहिला, कारण तिथं बटण दाबून भागणार नव्हतं. बुवा स्वतःच पेटी वाजवत गात होते. त्यांचा आवाज पुढच्या माइकला आधी पोचायचा आणि पेटीच्या माइकला नंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की एक मिलिसेकंद उशीर होतो, आणि दोन्ही माइक मिसळले की ५००, १५००, २५०० हर्ट्‌झला खड्डे पडतात, म्हणजे तेवढे सूर दबतात. माणसाच्या आवाजाचा जीव त्याच पट्ट्यात असतो. इक्वलायझरने हे खड्डे धड बुजत नाहीत. माइक तोंडापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा, हा जुना नियम त्यासाठीच आहे. तेवढं अंतर ठेवलं की शेजारचा आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने खाली जातो. पण पेटी मांडीशी घेऊन गाणाऱ्या बुवांच्या बाबतीत तिप्पट अंतर आणायचं कुठून?

म्हणून हिवाळ्यात त्याच मंडळाला बोलावलं आणि एकच माइक लावला. बुवा दीड फुटावर, पेटी थोडी खाली, ढोलकी सहा फुटांवर सतरंजीवर, झील धरणारे मागे अर्धगोलात, टाळ आणि खंजिरी सर्वांत दूर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीत त्याहून थोडा कमी. मिक्सिंग म्हणजे माणसांना उठवून बसवणं. दुपारभर खडूच्या खुणा पुसत होतो. टाळ वाजवणारे काका मंडळात सर्वांत वडीलधारे, त्यांना मागच्या भिंतीशी बसायला सांगताना माझी जीभ रेटेना. शेवटी बुवांनीच सांगितलं, "काका, तुमचा टाळ लय धारदार आहे, मागून शोभते." काका उठून मागे गेले. तेव्हा घेतलेल्या भजनात कुठेच काही हरवलेलं नाही.

धंदा खरा तिथून उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर नागपूरकराला सांगायला नको. त्या दिवसांत भीमगीतं स्टॉलवरच्या एकाच स्पीकरवर वाजतात, ऑटोत वाजतात, खिशातल्या फोनवर वाजतात. जिथं गाणं खरोखर ऐकलं जातं, तिथं ते बहुतेक मोनोच असतं. ते तिथं पुरं वाजलं पाहिजे, असा आमचा आग्रह, आणि पार्ट्या एकमेकींना हेच सांगत आमच्याकडे येऊ लागल्या.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून तेव्हा रात्री दहानंतरच बसतो.

अलीकडे खडी गंमत, म्हणजे आपल्या विदर्भातला तमाशासारखा नाच-गाण्याचा खेळ, करणारी एक मंडळी आली होती. नाचणारा पोऱ्या आणि शाहीर जागा बदलत राहतात, त्यामुळे खडूच्या खुणा कामाच्या नाहीत. तिथं दोन माइक एकाच स्टँडवर, तोंडाला तोंड लावून एकमेकांवर ठेवले, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. दोन्ही एकाच जागी असल्याने आवाज कुठूनही आला तरी उशीर जवळजवळ नाही, आणि मोनो केलं तरी काही खात नाही. ढोलकीला मात्र वेगळा माइक दिला नाही. पहिला टेक झाला की मी वडिलांचा जुना बॉक्स लावतो, एकच, आणि मंडळींना खाली दुकानात नेऊन तिथं ऐकवतो.