ठसका

पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये त्याची रोज नोंद होती. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, त्यात त्याचेही. पण साडेबाराला आई यायची, डब्यात खिचडी घ्यायची आणि त्याला कडेवर घेऊन घरी जायची. दुपारची शाळा त्यानं कधी पाहिलीच नव्हती. तिसरीतला मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नाही.

मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे नेहमीच्या शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठीची, विशेष शिक्षिका. तालुक्यातल्या शाळा फिरते. इथे नेहमी सकाळीच येऊन जायचे, म्हणून मलाही हे कळायला दोन महिने लागले.

मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, इथे खाल्लं की ठसका लागतो. एकदा डोळेच पांढरे केले पोरानं. कोण जोखीम घेणार?”

भीती खोटी नव्हती. आईला म्हटलं, आज इथेच भरवा. तिनं त्याला मांडीवर आडवं घेतलं, मान मागे केली आणि पातळ खिचडीचा चमचा तोंडात रिकामा केला. घास आपोआप उतरतो, असं तिला घरात शिकवलेलं. पण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. पाणी पुढे पळतं, शितं आणि मटकी तोंडातच घोळत राहतात. ठसका लागणारच!

बालवाडीतली खुर्ची आणली. पायाखाली दोन विटा, कमरेला ओढणी, हनुवटी जराशी खाली. स्वयंपाकाच्या मावशी बघत होत्या. त्यांनी पातेल्याच्या तळातली घट्ट खिचडी काढली, पळीच्या पाठीनं रगडली. “नातवाला अशीच देते मी. याला काय लागतं ते कुणी सांगितलंच नाही मला.” खरंच, बैठका होतात, त्यात मावशींना कोण बोलावतं?

थाळी सरकत होती, खाली ओलं फडकं घातलं. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, मग त्याची मूठ बसली. अर्धा चमचा घास, गिळल्याशिवाय पुढचा नाही. एकदा खोकला आला तेव्हा सगळा व्हरांडा गप्प. चाळीस मिनिटं लागली. गणिताचा तास बुडाला, निम्मी खिचडी शर्टावर.

आई भिंतीला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, “मॅडम, मग मी उद्यापासून कांदे लावायला जाऊ का?”

“आठ दिवस थांबा,” मी म्हटलं. “आधी डॉक्टरांकडून त्याचं गिळणं तपासून घेऊ. तोवर दुपारी तुम्हीही इथेच या, मावशींबरोबर.”

तिनं मान हलवली. डबा रिकामाच होता, तो पिशवीत टाकला आणि त्याला तिथेच बसवून एकटी घरी गेली.