जानेवारीत स्पिती, पुण्याच्या डिझेल गाडीने

हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला निघालोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "फोर बाय फोर आहे का?" आमची गाडी साधी, इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना देणारी डिझेल. तीच घेऊन स्पितीतल्या काझा गावापर्यंत गेलो आणि सुखरूप परतलो. तिथे जानेवारीत रात्री पारा उणे २० च्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीत चाकं घसरण्याआधी गाडीतलं जे जे पातळ आहे ते दगा देतं. म्हणून जाणाऱ्यांनी आधी कूलंट आणि डिझेल बघावं, टायरचं नंतर.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी टॉपअप करायची पद्धत सर्रास आहे. पुण्यात ते चालून जातं. स्पितीत तेच पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर फुटतो, कधी इंजिनाचा ब्लॉकसुद्धा. निघण्याआधी जुनं कूलंट पूर्ण काढून निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून घेतलं. हे मिश्रण उणे ३५ पर्यंत गोठत नाही. तयार कूलंट घेणार असाल तर कॅनवरचा गोठणबिंदू वाचा आणि त्यात वरून पाणी घालू नका. काचेवर मारायच्या पाण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका, नाहीतर टाकी आणि नळ्या तडकतात. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलूनच निघा. उणे १८ ला तिची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. कंपनीने चालतं म्हटलं असेल तर थंडीतही पातळ राहणारं ५डब्ल्यू-३० ऑइल घाला.

रस्ता शिमला, रामपूर, किन्नौर असाच धरायचा. अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून बाराही महिने स्पितीला जाता येतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा लाहौलमध्ये नेतो. तिथून स्पितीत उतरायला कुंझुम खिंड लागते, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली बंद असते.

आता डिझेल. त्यात मेण असतं. थंडी वाढली की ते साकळतं आणि फिल्टर तुंबवतं. आपल्या मानकांनुसार उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याखाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) १५ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत चालतो, म्हणजे महाराष्ट्रात भरलेलं डिझेल घेऊन वर जाणं धोक्याचं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पोअर पॉइंटचं डिझेल आणलं ते याच कारणाने. टाकी शिमल्यापर्यंत जवळजवळ रिकामी करा, पहाडात भरा आणि किन्नौरमधल्या पोवारीला काठोकाठ करा. पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा टाका, कारण जुन्यात साठलेलं पाणी आधी गोठतं.

काझात आमच्या शेजारी उभी असलेली एक गाडी सकाळी चालूच होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. घरमालकांनी गरम पाण्यात फडकी बुडवून, पिळून फिल्टरभोवती गुंडाळली आणि ती थंड झाली की बदलत राहिले. ऊन अंगणात आलं, फिल्टर पुरता ऊबदार झाला तेव्हा इंजिन खोकत-खोकत लागलं. काही जण टाकीखाली निखारे ठेवतात. ते अजिबात करू नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना सल्लाही बीएस६ गाडीसाठी नाही. ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागणारी गाडी असेल तर तेही उणे ११ ला गोठतं. त्याच्या टाकीत हीटर असतो, पण गाडीचं मॅन्युअल आधी वाचून ठेवा.

टायरचं गणित जरा गमतीचं आहे. थंडीने हवेचा दाब उतरतो, उंचीमुळे मीटरवर चढलेला दिसतो. म्हणून खाली भरून आणलेल्या आकड्यावर विसंबू नका, वर पोचल्यावर सकाळी थंड टायरवर मोजा. बर्फात पकड देणाऱ्या चेन पुढच्या चाकांना लावायच्या, आणि लावायचा सराव घरीच करायचा. बर्फात बोटं बधिर झाल्यावर हुक सापडत नाही. डांबर उघडं दिसलं की लगेच काढा.

खरी भीती ताज्या बर्फाची नाही, ब्लॅक आइसची आहे. किन्नौरमधल्या नाको गावाच्या पुढे मलिंगसारख्या ठिकाणी नाल्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री काचेसारखं गोठतं. सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला वाटला तरी तो बर्फच समजा. वळणाआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हलके ठेवा.

रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून जाम होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा आणि वायपर उचलून ठेवा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. रस्ता बंद होऊन गाडीत अडकलात तर इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, आणि त्याला वास नसतो.

परतीला किन्नौर सुटलं की लोक निर्धास्त होतात. नारकंडा ते कुफ्री पट्ट्यात देवदारांच्या सावलीत ब्लॅक आइस असतोच. रामपूरहून चांगलं ऊन पडल्यावरच निघा.