स्वेन डूवा आणि पहिली रांग

हेलसिंकीत मूकपटांना पियानोची साथ करणं हा माझा जोडधंदा. बहुतेक वेळा छोटे विनोदी पट असतात. डोळे पडद्यावर, बोटं सवयीने चालतात. पोर्वूच्या वृद्धाश्रमातला तो दिवस मात्र निराळा निघाला.

चित्रपट १९२६चा, स्वीडिश, जॉन ब्रुनियसचा. ‘फेनरिक स्टोलच्या कथा’ या, स्वीडिशमध्ये लिहिणाऱ्या फिनलंडच्या कवी रूनेबेर्गच्या काव्यावर बेतलेला. विषय १८०८-०९चं युद्ध. स्वीडनच्या हातून फिनलंड रशियाकडे गेलं ते. हरलेल्या लढाईचं काव्य राष्ट्रकाव्य व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं. त्यातली पहिलीच कविता आज फिनलंडचं राष्ट्रगीत आहे. संयोजिकेने आधीच बजावलं होतं, “ती चाल नको. सगळे उभे राहायला बघतील, आणि इथे निम्म्यांचे गुडघे बदललेले आहेत.” म्हणून मी ‘ब्योर्नेबोर्गचा मार्च’ या लष्करी चालीवर भागवलं. त्याचे स्वीडिश शब्दही रूनेबेर्गचेच.

मग स्वेन डूवा आला. कवायतीत डावं-उजवं न कळणारा शिपाई. ‘मागे फिरा’ म्हटल्यावर हा पुढे धावतो, एकटा पूल अडवतो आणि मरतो. मला बाजीप्रभू आठवले. पण त्यांना आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. स्वेनला नव्हतं, आणि कवीचा जीव जडलाय तो त्यावरच.

मी जलद लय धरली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेत पुटपुट सुरू झाली, मग मागच्या रांगांत. रूनेबेर्ग शेवटपर्यंत याच गावात राहिला. इथल्या स्वीडिश शाळांत शिकलेल्या या पिढीला कविता तोंडपाठ. ओळीत सात आघात, चौथ्यानंतर जरासा विसावा. पडद्यावर धुमश्चक्री, खुर्च्यांमध्ये संथ पठण, आणि मजकुराची पाटी झळकण्याआधीच पुढची ओळ तयार. दोन्हीकडे एकदम साथ करणं अशक्य. मी पडदा सोडला. कीर्तनात पेटीवाला धरतो तसे नुसते स्वर धरून ठेवले, विसाव्याच्या जागी एखादी हरकत. पूल कधीच मागे पडला, दुसरीच माणसं दुसरीकडे लढू लागली, तरी यांची कडवी उरलेलीच होती. एकानेही मध्येच सोडलं नाही.

संपल्यावर एक आजी काठी टेकत पियानोपाशी आल्या. वाटलं, कौतुक करतील.

“मार्च फार घाईत वाजवलास,” त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच एका बोटाने मला तो वाजवून दाखवला.