परदेश दौऱ्यातला लाँग रन

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते आणि तिची खरी तयारी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत करावी लागते. वाहन उद्योगात काम करणाऱ्यांची पंचाईत अशी, की परदेशी ग्राहकांकडच्या चाचण्या, आढावा बैठका आणि वर्षअखेरीची कामे नेमकी याच महिन्यांत येऊन पडतात. माझे दौरे मुख्यतः फ्रँकफर्ट आणि टोकियो येथे होतात, अधूनमधून सिंगापूरला जावे लागते. पुण्यात आमचा गट पहाटे पाचला पाषाणच्या बाजूला भेटतो, रस्ते ओळखीचे असतात, पाण्याची सोय ठरलेली असते आणि कोणी आले नाही तर फोन जातो. दौऱ्यावर यातले काहीच हाताशी नसते, आणि तरीही सराव चालू ठेवायचा असतो. एवढ्या दौऱ्यांनंतर माझे एक मत पक्के झाले आहे : आठवड्याचे एकूण किलोमीटर कमी झाले तरी चालते, वेगाच्या सरावाचा एखादा दिवस गाळला तरी फारसे बिघडत नाही, मात्र लाँग रन, म्हणजे आठवड्यातून एकदाची दोन-तीन तासांची सलग धाव, चुकू द्यायचा नाही, आणि तो नीट व्हायचा असेल तर झोपेची काळजी आधी घ्यायची.

लाँग रनवर इतका भर देण्यामागे कारण आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहकाऱ्यांसह काही प्रयोग केले होते. आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे जोरकस व्यायाम करणाऱ्यांचा व्यायाम कमी केला, पण त्याची तीव्रता तीच ठेवली, तर काय होते हे त्यांना पाहायचे होते. रोजची वेळ ४० मिनिटांवरून २६ किंवा अगदी १३ मिनिटांवर आणली, तरी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पुढचे १५ आठवडे जवळपास टिकून राहिली. मात्र १३ मिनिटांच्या गटाची दीर्घकाळ दम धरण्याची क्षमता घटली. मॅरेथॉनच्या उमेदवाराने यातून घ्यायचा बोध मला स्पष्ट दिसतो. कामाच्या दिवसांत जेमतेम अर्धा तास मिळाला, तर त्या अर्ध्या तासात थोडा वेग ठेवून फुप्फुसे आणि हृदय यांची कमाई राखता येते, पण ४२.१९५ किलोमीटरसाठी लागणारा दम त्या अर्ध्या तासातून मिळत नाही, त्यासाठी आठवड्यातून एकदा दोन-तीन तास पायांवर राहावेच लागते.

आता झोपेविषयी. पुण्याहून फ्रँकफर्टला गेले की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ साडेतीन तास मागे जाते आणि त्या रविवारनंतर साडेचार तास. पहाटे पाचला उठण्याची सवय असलेल्या शरीराचे पाच नोव्हेंबरात तिकडे रात्री साडेबारालाच वाजतात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळी सहापासून डोळे जड होतात आणि मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला टक्क जाग येते. या जागेचा मोह पडतो. जाग आलीच आहे तर धावून यावे, असे वाटते. मी त्या वेळी उठत नाही, दिवा लावत नाही आणि फोनही हातात घेत नाही, कारण पुण्यातल्या गटाचे फोटो नेमके तेव्हाच येऊ लागलेले असतात. संध्याकाळी मात्र नऊ-साडेनऊपर्यंत नेटाने जागे राहायचे, असे केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाग आपोआप साडेचार-पाचवर येते आणि पश्चिमेकडच्या प्रवासाचा फायदा मिळू लागतो : पहाटे उठणे पुण्यापेक्षाही सोपे जाते.

टोकियोचे गणित उलटे आहे. तिथे घड्याळ साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे तिथले पहाटेचे पाच म्हणजे आपल्या शरीराची रात्रीची दीड. माणसाच्या शरीरातले घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब असते. त्यामुळे दिवस लांबवणे त्याला जमते, आखडणे जड जाते. फ्रँकफर्टचा फरक आकड्याने मोठा असूनही टोकियोचा मला अधिक छळतो, त्याचे कारण हेच असावे. तिथे पहिल्या आठवड्यात मी पहाटेचे धावणे सरळ सोडून देते आणि संध्याकाळी धावते. सकाळी आठनंतर उजेडात पंधरा-वीस मिनिटे चालते, कारण त्या उजेडाने शरीराचे घड्याळ पुढे सरकायला मदत होते. त्याच्या फार आधी भल्या पहाटे उजेडात गेले, तर शरीराच्या लेखी रात्रच चालू असते आणि परिणाम उलटा होऊ शकतो.

टोकियोत संध्याकाळी धावण्याचा आणखी एक लाभ म्हणजे राजवाड्याभोवतीची वाट. सम्राटांच्या निवासस्थानाला खंदकाच्या कडेने सुमारे पाच किलोमीटरची फेरी पडते आणि त्या पूर्ण फेरीत एकही सिग्नल लागत नाही. कार्यालये सुटली की तिथे शेकडो माणसे धावत असतात. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने जातात आणि चालणाऱ्यांना आधी वाट देतात. असा अलिखित शिस्तीचा रस्ता आपल्याकडे एखाद्या शहरात तरी असावा, असे मला मनापासून वाटते. पदपथावर दर शंभर मीटरवर जपानच्या एकेका प्रांताचे फूल कोरलेली फरशी बसवलेली आहे. घड्याळाकडे न पाहता दोन फरशांमधला वेग सारखा ठेवायचा, हा मी तिथे करते तो टेम्पोचा, म्हणजे थोड्या जोराच्या पण एकसारख्या वेगाने धावण्याचा, सराव. ताकेबाशीपासून हानझोमोनकडे चढ लागतो आणि नंतर साकुरादामोनकडे उतार मिळतो. मुंबईच्या परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना पेडर रोडचा चढ ज्यांनी चढला आहे, त्यांना या चढाचे मोल वेगळे सांगायला नको. शनिवारचा लाँग रन मी याच वाटेवर पाच फेऱ्या घालून करते. एकच वाट पुन्हा पुन्हा धावण्याचा कंटाळा येतो हे खरे, पण पाणी, स्वच्छतागृहे आणि उजेड यांची खात्री असलेली वाट अनोळखी शहरात मिळणे ही फार मोठी सोय आहे. आसपास धावपटूंसाठी कपडे बदलायच्या आणि अंघोळीच्या खास जागा आहेत, थोडे पैसे भरून सामान तिथे ठेवता येते, त्यामुळे कार्यालयातून थेट जाता येते. एक गोष्ट मात्र विसरू नये : जपानमध्ये अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा कायदा आहे. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात ठेवते.

फ्रँकफर्टमध्ये माझा सगळा सराव माइन नदीच्या काठाने होतो. १८६९ साली बांधलेल्या आयझर्नर श्टेग या लोखंडी पादचारी पुलावरून दक्षिण काठावर उतरायचे आणि प्रवाहाच्या उलट, पूर्वेला ओफनबाखच्या दिशेने निघायचे. पलीकडच्या काठावर युरोपीय मध्यवर्ती बँकेची जुळी उंच इमारत दिसते, ती मागे पडली की शहराचा गोंगाट कमी होतो. रस्ता सपाट आहे आणि चुकण्याची भीती नाही, कारण नदी सोडायचीच नसते. जितके अंतर हवे त्याच्या निम्मे झाले की वळायचे. कामाच्या दिवशी वेळ थोडा असेल, तर एका पुलाने पलीकडे जायचे आणि दुसऱ्या पुलाने परत यायचे, पाच-सात किलोमीटरची फेरी सहज जमते. सायकलींच्या मार्गिकेत मात्र पाऊल टाकू नये. तिथले सायकलस्वार वेगात असतात, आणि वाहने उजवीकडून चालत असल्यामुळे आपल्या सवयीने मान चुकीच्या बाजूला वळते.

नोव्हेंबरात तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो, म्हणजे कार्यालयाच्या आधी धावा किंवा नंतर, अंधारच असतो. एकटी स्त्री म्हणून मी याचा विचार प्रत्येक शहरात आधी करते. पोहोचल्या दिवशी दुपारी ती वाट चालून पाहते, दिवे कुठपर्यंत आहेत ते पाहते आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंना विचारते, की सकाळी सहाला तुम्ही स्वतः या वाटेने जाल का. हा प्रश्न असा थेट विचारला, की उत्तरही प्रामाणिक मिळते. अंधार असेतोवर फक्त पुलांच्या मधल्या, दिवे असलेल्या पट्ट्यातच धावायचे, कानात काही घालायचे नाही, खिशात हॉटेलचा पत्ता असलेले कार्ड ठेवायचे आणि युरोपभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवायचा, एवढे नियम मी कधीही मोडत नाही. लाँग रन शनिवारी किंवा रविवारी, उजाडल्यावरच करते.

रविवारी लाँग रन असेल, तर शनिवारीच केळी आणि पाव आणून ठेवावा लागतो, कारण जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्याने बंद असतात; मोठ्या रेल्वे स्थानकातली काही दुकाने तेवढी उघडी मिळतात. धावताना खायला मी पुण्याहून खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की नेते. चिक्कीचे आधीच नखाएवढे तुकडे करून ठेवावेत, थंडीत मोठा तुकडा चावता चावता जबडा दुखतो आणि श्वासही अडतो. परतल्यावर गरम भात आणि मेतकूट मिळाले तर सोने. हॉटेलात ते नेहमी शक्य नसते, म्हणून आता मी आठवड्याहून अधिक मुक्काम असेल तर छोटे स्वयंपाकघर असलेली खोली मागते.

कपड्यांचे म्हणाल, तर तीन-चार अंशांच्या थंडीत पुणेकराला पहिला मोह असतो तो स्वेटरवर स्वेटर चढवण्याचा. तापमान दहा अंशांनी जास्त आहे असे समजून कपडे घालावेत; पहिली दहा मिनिटे कुडकुडायला होते, पण पुढे घामाने भिजून गारठण्याचा धोका टळतो. हातमोजे मात्र हवेतच. बूट मी हातातल्या सामानातच ठेवते, कारण बाकी सगळे कुठेही विकत मिळते, पण पायाला सरावलेली जोडी मिळत नाही. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात. हॉटेलची धुलाई महाग पडते, म्हणून धावायचे कपडे बेसिनमध्ये धुवायचे, कोरड्या टॉवेलात गुंडाळून टॉवेलसकट पिळायचे आणि हीटरजवळ टांगायचे.

ट्रेडमिलला मी शेवटचा पर्याय मानते, पण बर्फ पडला किंवा बैठक रात्रीपर्यंत लांबली तर तोच कामी येतो. चढ एक टक्का ठेवला, की बाहेरच्या हवेच्या विरोधाची थोडीफार भरपाई होते. अमेरिकेत यंत्र मैलांत वेग दाखवते, तिथला ६ चा आकडा म्हणजे ताशी सुमारे ९.७ किलोमीटर, हे चढण्यापूर्वी आठवावे.

विमानाच्या दिवशी धावूच नये, असे माझे ठाम मत आहे. विमानातल्या हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी आठ-नऊ तास बसून असतो, आणि तीही अत्यंत कोरड्या हवेत. उतरल्यावर पाय सुजलेले असतात, झोप तुटलेली असते. त्या दिवशी फक्त चालणे, दुसऱ्या दिवशी ३०-४० मिनिटे बोलता येईल अशा वेगाने धावणे, आणि वेगाचा सराव चौथ्या-पाचव्या दिवसाआधी अजिबात नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पुण्यात एक लाँग रन उरकला, तर पुढच्या लाँग रनसाठी सात-आठ दिवसांची सवड मिळते आणि मधल्या अर्धवट दिवसांची चिंता राहत नाही. ग्राहकांबरोबरची रात्रीची जेवणे टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. आठवड्यातली दोन जेवणे आधीच गृहीत धरून त्यांच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती लावली, की दोन्ही कामे मनाजोगी होतात.

शेवटचा मुद्दा हवामानाचा, कारण मुंबईची शर्यत फ्रँकफर्टच्या थंडीत होत नाही. चार अंशांत हृदयाचे ठोके कमी राहतात आणि किलोमीटरमागे सव्वासहा मिनिटांचा पेस (धावण्याची गती) सहज वाटतो. तो आकडा धरून मुंबईचे लक्ष्य ठरवले, तर परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर आणि दमट हवेत, त्याची किंमत मोजावी लागते. उष्णतेला सरावलेले शरीर ती सवय दोन-चार आठवड्यांत बऱ्याच अंशी गमावते आणि पुन्हा मिळवायला साधारण १० ते १४ दिवस उन्हाळ हवेत रोज घाम गाळावा लागतो. या बाबतीत सिंगापूरचा दौरा मला वरदान वाटतो. तिथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पहाटेही पंचवीस-सव्वीस अंश असतात आणि ईस्ट कोस्ट पार्कच्या किनाऱ्याने लांबवर धावता येते. पेस किलोमीटरमागे वीस-तीस सेकंदांनी मंदावतो, तो मी मंदावू देते आणि धावणे श्वासावरून तोलते.

यंदाही फ्रँकफर्टहून परतणे डिसेंबरच्या मध्यावर आहे. तोपर्यंत नदीकाठी ३० किलोमीटरचा एक लाँग रन व्हायला हवा. परतल्यावर पुण्यातल्या थंड पहाटेऐवजी सकाळी नऊनंतरच्या उन्हात आठवडाभर छोटी धाव ठेवणार आहे, आणि डिसेंबरच्या अखेरीस मरीन ड्राइव्हपासून पेडर रोडमार्गे वरळीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत आमच्या गटाने आखला आहे. लक्ष्याचा वेग मी त्या दिवशी पेडर रोडवर पायांची स्थिती पाहूनच ठरवीन.