कांजिण्यांची खाज आणि रात्रीची झोप

अंगावर पाणी घालायचं नाही, असं आमच्या मंगळवार पेठेत अजूनही सांगतात. मी मात्र धाकटीला रोज कोमट पाण्यानं अंघोळ घातली. गरम पाण्यानं खाज वाढते. अंग घासायचं नाही, मऊ पंच्यानं नुसतं टिपायचं. सासूबाईंनी अंगणातला कडुलिंबाचा पाला गादीवर पसरला. त्यानं आजार जात नाही, पण पोरीला बरं वाटलं, म्हणून राहू दिला.

मग फोडांवर खाज शमवणारं कॅलामाइन लोशन, डोळे आणि तोंड सोडून. नखं अगदी मुळाशी कापली. खरी लढाई रात्रीची. झोपेत हात आपोआप पोटावर जातात, फोड फुटतो, पिकतो आणि वण राहतो. म्हणून हातांत सुती मोजे, अंगात जुनं सैल झबलं, पंखा चालू.

तोंडातही फोड होते, त्यामुळे तिखट बंद. गार दहीभात तेवढा गेला. तापाला डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल. आयांनो, अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नका, त्यानं मुलांच्या मेंदूला आणि यकृताला इजा होऊ शकते.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. शेजारची गरोदर वहिनी आहे, तिला आधीच फोन करून सांगितलं.