उसाच्या गाडीचा काटा आणि बैलाचा खांदा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाची प्रत्येक बैलगाडी कारखान्याच्या वजनकाट्यावरून जाते. आधी भरलेली, मग रिकामी. दोन्ही वजनं तारीख-वेळेसकट पावतीवर छापून येतात. बैलांना किती ओझं ओढायला लावलं, याचा इतका चोख पुरावा दुसऱ्या कुठल्या कामात तयार होत नाही. हा पुरावा फक्त पैशाच्या हिशेबाला वापरला जातो, बैलासाठी नाही, याचं वाईट वाटतं.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आणि ओढकामाच्या जनावरांचे नियम १९६५ चे. इंग्लंडमध्ये शेतीसाठी पाळलेल्या जनावरांच्या स्थितीवरचा ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला तोही १९६५ मध्येच. जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट त्या अहवालाने मांडली आणि पुढे युरोपातले कायदे त्यावर उभे राहिले. आपण तेव्हा मागे नव्हतो.

आपले नियम चांगले नेमके आहेत. बैलाचं वजन आणि गाडीचं चाक (बेअरिंग आहे का, हवेचं टायर आहे का) यांवरून ओझ्याची मर्यादा ठरते. लांब, खड्या चढाला ती निम्मी होते. दिवसभरात मिळून ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. तापमान ३७ अंशांच्या वर गेलं तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. आर (लोखंडी टोक) लावलेली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, चालत नाही. काम नसताना बैल जुंपलेला ठेवायचा नाही. आणि ओझ्याचा संशय आला तर पोलीस गाडी काट्यावर न्यायला लावू शकतात.

थंडीत निफाडचा पारा किती खाली जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबला की हाच पट्टा भर दुपारी तापतो. तेव्हा गाड्या कुठे असतात? गव्हाणीच्या (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेच्या) रांगेत, भरलेल्या, बैल जुंपलेले. नंबर यायला कित्येक तास जातात. गाडीवान बैल सोडत नाही, कारण दोन चाकांची भरलेली गाडी सोडली की दांडी जमिनीवर आदळते, नाहीतर उलाळ होते, म्हणजे दांडी वर जाऊन गाडी मागे कलते. उपाय अगदी साधा आहे: दांडीखाली एक आणि साट्याच्या (गाडीच्या तळाच्या) मागे एक, असे दोन भक्कम टेकू. कारखान्याने रांगेत टेकू, सावली आणि पाण्याचा हौद ठेवला तर बैलाचे निम्मे हाल तिथेच कमी होतात. उन्हात राबणाऱ्या बैलाला दिवसाला पन्नासेक लिटर पाणी लागतं. ते एका वेळी पाजून भागत नाही, टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं.

आता खांदा. जू बसतं ते वशिंडाच्या पुढे, आणि खांदेसूज तिथेच येते. ओझं हे एकच कारण नसतं. मोळ्या पुढे जास्त रचल्या तर प्रत्येक खड्ड्याला जू मानेवर आदळतं. मागे जास्त रचल्या तर जू वर उचललं जातं आणि जोतं (गळ्याखालचा पट्टा) गळ्याला आवळतं. भरल्यावर दोघांनी दांडी उचलून पाहावी: सहज उचलली गेली पाहिजे, पण सोडल्यावर खालीच यायला हवी. जोडीतला एक बैल बुटका असेल तर त्याच्याकडे भार जातो. जुवाखाली घातलेलं पोतं सरकून त्याची वळी पडली की तीच वळी कातडं सोलते. ओलं पोतं तर त्याहून वाईट. जुवाची खालची बाजू रुंद, गोलसर आणि गुळगुळीत हवी, खिळ्याचं टोक कुठेही वर नको.

संध्याकाळी सोडल्यावर खांद्यावर तळहात ठेवावा. जागा गरम लागली किंवा बैलाने अंग चोरलं तर ती सुरुवात आहे. पहिल्या दिवशी गार पाण्याची धार, नंतर मिठाच्या कोमट पाण्याचा शेक आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत जू नाही. हे टाळलं की कातडं जातं, पू होतो, शेवटी कडक गाठ राहते आणि मग डॉक्टरला शस्त्रक्रिया करावी लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदेमळणी करणाऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही. अडचण समजुतीची नसून सुट्टीची आहे. मजुरी आणि वाहतूक टनावर, डोक्यावर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे), बैल बसून राहिला तर खाडा.

शिक्षेचं म्हणाल तर १९६० चेच आकडे आजही चालू आहेत. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या बैलांच्या शर्यतींवरील निकालातच दंड वाढवायला हवा असं म्हटलं, २०२२ मध्ये केंद्राने सुधारणेचा मसुदा हरकतींसाठी ठेवला, पण दंड अजून तोच आहे. शिवाय जादा ओझं हा दखलपात्र गुन्हा नाही, म्हणजे पोलिसांना परस्पर तपास सुरू करता येत नाही.

तरी एक वाट आहे. १९६५ चे नियम जनावर वापरणाऱ्यालाच नाही, वापरायला लावणाऱ्यालाही लागू होतात. पन्नास रुपयांचा दंड गाडीवानाच्या माथी मारून काही साधत नाही. टनाचा हिशेब ठेवणाऱ्यानेच काट्याच्या संगणकात मर्यादा घालावी, तिच्यावर भरलेल्या गाडीला पुढची खेप देऊ नये आणि खांदा सुजलेल्या बैलाच्या मालकाला बसून राहिल्या दिवसांचे पैसे द्यावेत. हे करायला नवा कायदा लागत नाही.

तक्रार करायची असेल तर जखमेवर भर द्या. जखमी जनावराला कामाला लावणं हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये वेगळा गुन्हा आहे. पावती तुमच्या हाती येणार नाही, पण सोललेला खांदा रस्त्यावरून दिसतो. जखमेचा जवळून एक फोटो, गाडी आणि बैल ओळखू येतील असा दुसरा, सोबत ठिकाण, तारीख, वेळ. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीची मागणी त्याच अर्जात लिहा. आणि उशीर करू नका: घटनेपासून तीन महिने उलटले की या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही.